बाकेनमधील आडव्या तेलविहिरींचे कम्प्लीशन : पद्धतींच्या तुलनेविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालील उत्तरे अमेरिकेच्या नॉर्थ डकोटा राज्यातील बाकेन या खडकस्तराला समोर ठेवून लिहिली आहेत. शेल तेलाची, म्हणजे बारीक कणांच्या घट्ट खडकाशी निगडित तेलाची, क्षेत्रे इतरही आहेत. परंतु स्लायडिंग स्लीव्ह (विहिरीतील नळीवरच्या सरकत्या झडपा उघडणे) आणि प्लग अँड पर्फ (नळीत बूच बसवून तिला छिद्रे पाडणे) या खडकात भेगा पाडण्याच्या दोन्ही पद्धती एकाच काळात, शेजारशेजारच्या विहिरींत आणि मोठ्या संख्येने वापरल्या गेल्या, आणि त्या विहिरींची आकडेवारी सर्वांसाठी खुली राहिली, असे क्षेत्र बाकेनसारखे दुसरे क्वचितच सापडेल. पेट्रोलियम अभियांत्रिकीचे विद्यार्थी, तसेच वेधनाच्या (विहीर खणण्याच्या) कामातून कम्प्लीशनकडे (खणलेली विहीर उत्पादनासाठी तयार करण्याकडे) वळलेले अभियंते जे प्रश्न नेहमी विचारतात, तेच येथे घेतले आहेत.

बाकेनमध्ये तेल खरोखर शेलमधूनच काढतात का?

काटेकोरपणे पाहिले तर नाही. बाकेनचे तीन थर आहेत. वरचा आणि खालचा थर सेंद्रिय द्रव्याने भरलेल्या काळ्या शेलचा असून तेल तेथेच तयार झाले. विहिरीचा आडवा भाग मात्र बहुधा या दोहोंमधल्या डोलोमाइटयुक्त, बारीक वाळूच्या थरातून किंवा खाली असलेल्या थ्री फोर्क्स या स्तरातून नेला जातो. हा मधला थर सुमारे तीन किलोमीटर खोलीवर आहे आणि त्याची पारगम्यता, म्हणजे द्रव आरपार जाऊ देण्याची क्षमता, इतकी कमी आहे की त्यात भेगा पाडल्याखेरीज परवडेल इतके तेल विहिरीकडे येत नाही. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने २०१३ साली बाकेन आणि थ्री फोर्क्स मिळून सरासरी ७.४ अब्ज बॅरल तेल तांत्रिकदृष्ट्या काढता येण्याजोगे असल्याचा अंदाज दिला, आणि २०१४ मध्ये नॉर्थ डकोटाचे उत्पादन दिवसाला दहा लाख बॅरलच्या पलीकडे गेले.

कम्प्लीशनमध्ये नेमकी कोणती कामे मोडतात?

वेधन संपल्यापासून विहिरीतून तेल वाहू लागेपर्यंतची सगळी कामे. बाकेनमधील नेहमीच्या रचनेत उभी विहीर आडवी होते त्या वळणापर्यंत ७ इंची केसिंग (पोलादी नळी) बसवून सिमेंट केलेले असते आणि त्यापुढच्या सुमारे ६ इंची आडव्या छिद्रात ४½ इंची लायनर (आतली लहान नळी) सोडला जातो. तेथील उत्पादन-क्षेत्रे बहुतेक १,२८० एकरांची, म्हणजे एक मैल रुंद आणि दोन मैल लांब आखलेली असल्यामुळे आडवा भाग १०,००० फुटांच्या आसपास जातो. एवढ्या लांबीवर एकाच वेळी द्रवाचा दाब देऊन खडकात सारख्या भेगा पडत नाहीत, म्हणून तिचे टप्पे करावे लागतात. हे टप्पे एकमेकांपासून वेगळे कसे ठेवायचे आणि प्रत्येक टप्प्यात द्रव खडकात कोठून शिरू द्यायचा, या दोन बाबतींतच पद्धतींचा खरा फरक आहे.

टप्पे करण्याची पद्धत सुरुवातीपासूनच होती का?

नव्हती. २००० साली मोंटाना राज्यात एल्म कूली क्षेत्र सापडले, तेव्हाच्या अनेक विहिरींत सिमेंट न केलेला, छिद्रे असलेला लायनर टाकून संपूर्ण आडव्या भागावर एकच मोठे फ्रॅक, म्हणजे दाबाने द्रव आणि भेगा उघड्या ठेवणारी वाळू सोडून खडक फोडण्याचे काम, केले जाई. द्रव अर्थातच जेथे खडक लवकर दाद देईल तेथे जाई आणि उरलेली लांबी जवळपास कोरी राही. २००६ मध्ये नॉर्थ डकोटात पार्शल क्षेत्राचा शोध लागल्यानंतर वेधनाला वेग आला, आणि पुढच्या चारपाच वर्षांत टप्प्यांची संख्या एकावरून दहापर्यंत, मग तीसपर्यंत आणि त्याही पुढे गेली. बाकेनचा कायापालट कोणत्याही एका अवजारापेक्षा या वाढीनेच अधिक केला, असे माझे मत आहे.

चेंडू सोडून उघडणाऱ्या स्लायडिंग स्लीव्हची पद्धत कशी चालते?

लायनरवर ठरावीक अंतराने स्लीव्ह बसवलेल्या असतात आणि दोन स्लीव्हच्या मध्ये पॅकर, म्हणजे नळीबाहेरची पोकळी बंद करणारे अडसर, असतात. प्रत्येक स्लीव्हमध्ये चेंडू अडकण्यासाठी एक सीट असते. विहिरीच्या टोकाकडील सीट सर्वांत लहान आणि वळणाकडील सर्वांत मोठी. पहिला, सर्वांत लहान चेंडू द्रवाबरोबर सोडला की तो वरच्या सगळ्या सीटमधून निसटत टोकाच्या सीटवर जाऊन बसतो, दाब वाढतो, स्लीव्हला धरून ठेवणाऱ्या पिना तुटतात, स्लीव्ह सरकते आणि बाजूची भोके उघडतात. तोच चेंडू खालचा मार्गही बंद करतो. या टप्प्याचे फ्रॅक होताच पुढचा, किंचित मोठा चेंडू सोडायचा. पंप जवळजवळ थांबतच नाहीत आणि वायरलाइनच्या (अवजारे आत सोडण्याच्या तारेच्या) पथकाची गरज पडत नाही.

मर्यादाही याच रचनेत आहे. सीटचे आकार एकापेक्षा एक मोठे करत जायचे, तर लायनरच्या आतल्या व्यासात किती आकार बसतील याला अंत असतो. दोन चेंडूंमधला फरक आधी एक अष्टमांश इंच ठेवत. पुढे तो एक षोडशांश इंचापर्यंत खाली आणून टप्पे चाळिसांच्या घरात नेले गेले, पण फरक जितका कमी तितका चेंडू चुकीच्या सीटवर अडकण्याचा किंवा दाबाने सीटमधून दाबला जाऊन निसटण्याचा धोका अधिक.

प्लग अँड पर्फमध्ये वेगळे काय असते?

येथे लायनर सुरुवातीला अखंड असतो. वायरलाइनच्या टोकाला प्लग आणि छिद्रे पाडणाऱ्या गन जोडून ते आत सोडतात. आडव्या भागात वजनाने काही पुढे जात नाही, म्हणून द्रव पंप करून त्याच्या जोराने ते ढकलत न्यावे लागते. ठरलेल्या जागी प्लग बसवायचा, मग वायरलाइन थोडी थोडी मागे ओढत तीन, चार, दहा अशा ठिकाणी छिद्रांचे गट पाडायचे, गन बाहेर काढायच्या आणि त्या टप्प्याचे फ्रॅक करायचे. या गटांना क्लस्टर म्हणतात. हे चक्र प्रत्येक टप्प्यासाठी फिरते आणि शेवटी सगळे प्लग कॉइल्ड ट्युबिंगने (रिळावर गुंडाळलेल्या लांब, बारीक नळीने) किंवा जोडनळ्यांनी फोडून मार्ग मोकळा केला जातो.

टोकाच्या पहिल्या टप्प्यात एक अडचण असते: विहीर बंद असताना गन ढकलण्यासाठी द्रव जाणार कोठे? त्यासाठी टोकाला दाबाने उघडणारी एक स्लीव्ह ठेवतात, किंवा पहिली छिद्रे कॉइल्ड ट्युबिंगवरून पाडतात. त्यामुळे अस्सल प्लग अँड पर्फ म्हणवणाऱ्या विहिरीतही बहुधा एक स्लीव्ह असतेच.

कॉइल्ड ट्युबिंगने उघडायच्या स्लीव्हचे काय?

ही तिसरी पद्धत आहे. येथे सीटचे आकार बदलावे लागत नाहीत. सगळ्या स्लीव्ह एकसारख्या असतात आणि ट्युबिंगच्या टोकावरील पॅकर एकेका स्लीव्हमध्ये बसवून ती उघडली जाते. फ्रॅकचा द्रव ट्युबिंग आणि लायनर यांच्यामधल्या पोकळीतून जातो. प्रत्येक प्रवेशबिंदूला, म्हणजे द्रव खडकात शिरण्याच्या जागेला, किती द्रव आणि किती वाळू गेली हे येथे अनुमानाने नव्हे, मोजून सांगता येते, आणि हा या पद्धतीचा सर्वांत मोठा गुण आहे. वाळू अडकली तर ट्युबिंगमधून लगेच द्रव फिरवून ती साफ करता येते. परंतु पोकळी अरुंद असल्यामुळे पंपाचा दर कमी ठेवावा लागतो, आणि दोन मैलांच्या आडव्या भागात ट्युबिंग घर्षणाने वेटोळी होऊन पुढे सरकेनाशी होते. कमी खोलीच्या आणि आखूड आडव्या विहिरींत, विशेषतः कॅनडात, ही पद्धत रुजली. बाकेनच्या लांब विहिरींत तिला तेवढा वाव मिळाला नाही.

स्लीव्हने वेळ वाचतो, तर बाकेनमध्ये प्लग अँड पर्फ वरचढ का ठरली?

या प्रश्नाचे उत्तर तीन भागांत द्यावे लागते, आणि ते तीनही भाग एकाच काळात घडत गेले म्हणून एकमेकांत मिसळलेले आहेत.

पहिला भाग प्रवेशबिंदूंचा. तीस स्लीव्हच्या विहिरीत द्रव लायनरमधून बाहेर पडण्याच्या जागा तीसच. तीस टप्प्यांच्या प्लग अँड पर्फमध्ये प्रत्येकी पाच क्लस्टर धरले तर त्या दीडशे होतात. सगळेच क्लस्टर काम करत नाहीत हे खरे. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात शंभराहून अधिक आडव्या शेल विहिरींतील उत्पादन-मापनावरून सुमारे एक तृतीयांश क्लस्टरांतून काहीच येत नसल्याचे दिसले होते. पण दीडशेतून एक तृतीयांश वजा केले तरी शंभर उरतात. अत्यल्प पारगम्यतेच्या खडकात तेल भेगेपर्यंत पोहोचायला जे अंतर कापते ते कमी करणे हाच सगळा खेळ असल्यामुळे, ही तफावत उत्पादनात उतरणे स्वाभाविक होते.

दुसरा भाग वेळेचा. एकाच जागेवरून चारसहा विहिरी काढण्याची रीत पडली, तेव्हा एका विहिरीत वायरलाइनचे काम चालू असताना शेजारच्या विहिरीत फ्रॅक करण्याची सोय झाली. पंप रिकामे थांबण्याचा काळ त्यामुळे बराच घटला आणि स्लीव्हचा सर्वांत मोठा फायदा बोथट झाला. एकट्या विहिरीवर स्लीव्ह आजही जलद आहे. विहिरी समूहाने काढल्या जातात तेथे ‘जलद’ या शब्दाचा हिशेबच वेगळा होतो.

तिसरा भाग लवचिकतेचा. स्लीव्ह कोठे असणार हे लायनर सोडण्यापूर्वीच पक्के करावे लागते. प्लग अँड पर्फमध्ये पंधराव्या टप्प्यानंतरही क्लस्टरांमधले अंतर, छिद्रांची संख्या, टप्प्याची लांबी बदलता येते, आणि एका विहिरीत शिकलेले दुसऱ्या विहिरीत त्याच आठवड्यात वापरता येते. खर्चाच्या तक्त्यात ही गोष्ट दिसत नाही, पण प्रकल्प चालवणाऱ्याला तिची किंमत ठाऊक असते.

टप्प्यातील सगळ्या क्लस्टरांना सारखा द्रव मिळावा म्हणून काय करतात?

छिद्रांची संख्या मुद्दाम कमी ठेवतात. या तंत्राला लिमिटेड एंट्री म्हणतात आणि प्लग अँड पर्फ नीट करणे व नुसती उरकणे यांतला फरक येथेच पडतो. छिद्रातून जाताना द्रवाचा जो दाब खर्ची पडतो तो प्रवाहदराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, छिद्रसंख्येच्या वर्गाच्या आणि छिद्राच्या व्यासाच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. हा दाब क्लस्टर-क्लस्टरमधल्या खडकाच्या ताणातील फरकापेक्षा पुरेसा मोठा असेल, तरच द्रवाला सगळ्या वाटा सारख्या वाटतात.

उदाहरण घेऊ. मिनिटाला ८० बॅरल साधे पाणी, ०.४२ इंच व्यासाची छिद्रे आणि ०.८ हा प्रवाह-गुणांक धरला, तर ४० छिद्रांवर दाबाची घट सुमारे ४०० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) येते. तोच दर ठेवून छिद्रे २० केली की ती चौपट, म्हणजे १,५९० पीएसआयच्या जवळ जाते. खडकाच्या ताणात टप्प्याच्या आतच पाचशे पीएसआयचा फरक असेल, तर पहिल्या मांडणीत काही क्लस्टर उपाशी राहणार हे गणितच सांगते.

मात्र वाळू छिद्रे झिजवते. वरील उदाहरणातील २० छिद्रांचा व्यास फक्त दहा टक्क्यांनी वाढला, तरी गुणांक तोच धरून दाबाची घट सुमारे १,०८० पीएसआयवर उतरते, म्हणजे तिसरा हिस्सा गेला. शिवाय झीज सारखी होत नाही. विहिरीत कॅमेरा सोडून छिद्रांची चित्रे घेतली जातात, तेव्हा छिद्रागणिक वेगवेगळी झीज स्पष्ट दिसते. म्हणून टप्प्याच्या आरंभी असलेली घट शेवटपर्यंत टिकेल असे गृहीत धरून आराखडा करू नये.

लायनर सिमेंट करावा की फुगणारे पॅकर वापरावेत?

फुगणारे पॅकर तेलाच्या किंवा पाण्याच्या संपर्कात काही दिवसांत फुगतात आणि विहिरीची खडकाची भिंत धरतात. सिमेंटचे काम वाचते, आणि दोन पॅकरांमधला उघडा खडक नैसर्गिक भेगांसह उत्पादनात सहभागी होतो, असा त्यांच्या बाजूचा युक्तिवाद आहे. त्याविरुद्धचा मुद्दा असा की तीनशे फुटांच्या उघड्या पट्ट्यात भेग स्लीव्हच्या समोरच पडेल याची खात्री नसते. द्रव लायनरच्या बाहेरून सरकत पॅकरजवळही खडक फोडू शकतो. म्हणजे आतून कितीही नेमकी रचना केली तरी बाहेर नेमकेपणा उरत नाही. क्लस्टर जवळजवळ घेऊन लिमिटेड एंट्री करायची असेल तर सिमेंट हवेच. अन्यथा वर केलेले सगळे गणित लायनरच्या बाहेर निरर्थक ठरते. बाकेनमध्ये २०१० नंतरच्या काही वर्षांत सिमेंटकडे कल वळला तो यामुळेच.

दोन पद्धतींच्या विहिरींच्या उत्पादनाची तुलना करताना सर्वांत जास्त चूक कोठे होते?

पद्धतीबरोबर आणखी काय काय बदलले हे न पाहण्यात. एक काल्पनिक जोडी घ्या. पहिली विहीर ९,५०० फुटांची, ३० स्लीव्हची, ३० लाख पौंड वाळूची. दुसरी ९,८०० फुटांची, ३५ टप्प्यांची, प्रत्येकी चार क्लस्टरांची, ५० लाख पौंड वाळूची. दुसरीने वर्षभरात तीस टक्के अधिक तेल दिले. श्रेय प्लग अँड पर्फचे का? पहिलीत दर फुटाला सुमारे ३१६ पौंड वाळू आहे, दुसरीत ५१०. प्रवेशबिंदू ३० विरुद्ध १४० आहेत. कदाचित दुसरीत जेलऐवजी (दाट द्रवाऐवजी) घर्षण कमी करणारे रसायन घातलेले पाणी वापरले असेल, कदाचित ती तीन वर्षांनी नंतरची असेल आणि पथक अधिक तरबेज झाले असेल. यांतले प्रत्येक कारण एकटे तीस टक्क्यांना पुरेसे ठरू शकते.

याशिवाय शेजारी जुनी विहीर आहे का हे पाहावेच लागते. जुन्या विहिरीने आसपासचा दाब उतरवलेला असेल, तर नव्या विहिरीच्या भेगा तिकडे ओढल्या जातात आणि दोघींचेही नुकसान होऊ शकते. मधल्या बाकेनमधली विहीर आणि थ्री फोर्क्समधली विहीर एकाच तक्त्यात घालून सरासरी काढणारे अहवालही कमी नाहीत, आणि अवजारे विकणाऱ्यांच्या माहितीपत्रकांत तर ते हमखास भेटतात.

निदान एवढे करावे: एकच स्तर, काही मैलांच्या आतले अंतर, एकाच वर्षाच्या आगेमागे सुरू झालेल्या विहिरी, आणि दर फुटाला जवळपास सारखी वाळू व द्रव. एवढे निकष लावल्यावर हाती फार थोड्या विहिरी उरतात, हे मान्य. पण त्या थोड्या विहिरी शेकडो विहिरींच्या ढिगापेक्षा अधिक सांगून जातात.

पहिल्या ३० दिवसांचे उत्पादन तुलनेसाठी चालेल का?

चालू नये. चोक (विहिरीच्या तोंडावरची प्रवाह आवरणारी झडप) किती उघडला यावर तो आकडा हलतो. किमान सहा महिन्यांचे, शक्य तर वर्षाचे एकूण तेल आडव्या लांबीला भागून घ्यावे, आणि तेल उपसणारा पंप केव्हा बसवला तेही नोंदवावे.

विरघळणारे प्लग वापरले तर ते फोडण्याचा खर्च वाचतो का?

वाचू शकतो, विशेषतः टोकाकडच्या टप्प्यांत, जेथे ट्युबिंग पोहोचवणेच कठीण असते. हे प्लग बहुधा मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचे किंवा विघटनशील बहुवारिकाचे (पॉलिमरचे) असतात, आणि त्यांचे विरघळणे तापमान व पाण्यातील क्षारांवर अवलंबून असते. बाकेनचे स्वतःचे पाणी अतिशय खारे आहे. तरीही फ्रॅकचे गोडे, थंड पाणी नुकतेच गेलेल्या जागी विरघळण्याचा वेग प्रयोगशाळेतल्या वेगासारखा नसतो. त्यामुळे अनेक जण शेवटी एकदा ट्युबिंग फिरवून खात्री करतातच, आणि मग वाचलेला खर्च अर्धाच उरतो.

फ्रॅक चालू असताना वाळू अडकली तर कोणती पद्धत अधिक सोयीची?

कॉइल्ड ट्युबिंगची, यात वाद नाही. प्लग अँड पर्फमध्ये विहीर उलट वाहू देऊन वाळू बाहेर काढावी लागते, आणि तेवढ्याने भागले नाही तर ट्युबिंग मागवावी लागते; हिवाळ्यात, तापमान शून्याखाली तीस अंशांपर्यंत गेलेले असताना थांबलेल्या नळ्यांत पाणी गोठू न देणे हेच मोठे काम होऊन बसते. चेंडूंच्या पद्धतीत सर्वांत बिकट अवस्था होते, कारण सीटच्या चिंचोळ्या मार्गातून खाली अवजार नेण्याची सोय नसते.

पुढे त्याच विहिरीचे पुन्हा फ्रॅक करायचे असेल तर?

तर आतला व्यास मोकळा असलेली विहीर हवी. प्लग फोडलेल्या विहिरीत पूर्ण व्यास मिळतो; सीट असलेल्या विहिरीत आधी त्या कापून काढाव्या लागतात. बाकेनमधील जुन्या, मोजक्याच टप्प्यांच्या विहिरींत आत आणखी लहान लायनर सोडून, तो सिमेंट करून नव्याने प्लग अँड पर्फ करण्यात आले आहे. जुन्या आराखड्यांनी जागा रिकामी सोडली होती म्हणूनच हे परवडते.

मग आज कोणती पद्धत निवडावी?

दोन मैलांचा आडवा भाग, एका जागेवर अनेक विहिरी आणि पाणी मुबलक असेल तर सिमेंट केलेला लायनर आणि लिमिटेड एंट्रीसह प्लग अँड पर्फ. विहीर एकटी असेल, जागा दुर्गम असेल आणि वायरलाइन व ट्युबिंगची यंत्रसामग्री आणणेच महाग पडत असेल, तर स्लीव्हचा विचार गंभीरपणे करावा. आखूड आणि उथळ विहिरीत, प्रत्येक भेगेवर ताबा हवा असेल तेव्हा, ट्युबिंगने उघडणाऱ्या स्लीव्ह. निवड मात्र तंत्र पाहून करण्याआधी प्रत्येक हजार फुटांत किती ठिकाणी खडक खरोखर फुटणार आहे, हा आकडा काढावा.

भारतात याचा उपयोग आहे का?

मर्यादित आहे. ओएनजीसीने २०१०-११ मध्ये पश्चिम बंगालमध्ये दुर्गापूरजवळ शेल वायूसाठी विहीर खणली, आणि २०१३ मध्ये केंद्र सरकारने सरकारी कंपन्यांना त्यांच्या क्षेत्रांत शेल वायू व तेल शोधण्याची मुभा दिली. बाकेनसारखे व्यापारी उत्पादन त्यातून उभे राहिलेले नाही. राजस्थानातील बाडमेर खोऱ्यात कमी पारगम्यतेच्या खडकांत अनेक टप्प्यांचे फ्रॅकिंग मात्र प्रत्यक्षात होते, आणि टप्प्यांविषयीचे वरील विवेचन तेथे थेट लागू पडते. मुंबई हायचे तेल चुनखडकातले आहे, तेव्हा त्या अनुभवाची शेलशी गल्लत करू नये.

बाकेनच्या विहिरींची माहिती कोठे पाहता येईल?

नॉर्थ डकोटाच्या औद्योगिक आयोगाचा तेल व वायू विभाग प्रत्येक विहिरीचे मासिक उत्पादन प्रसिद्ध करतो. नव्या विहिरीची माहिती सहा महिन्यांपर्यंत गोपनीय ठेवण्याची मुभा असल्यामुळे ताज्या विहिरी यादीत रिकाम्या दिसतात. ते शून्य उत्पादन समजू नये. फ्रॅकच्या द्रवातील घटक व पाण्याचे प्रमाण २०११ पासून चालणाऱ्या फ्रॅकफोकस या नोंदणीत मिळते. टप्पे, स्लीव्ह, वाळूचे वजन हे तपशील विहिरीच्या फाइलमधील कम्प्लीशन अहवालात असतात आणि ते एकेक उघडूनच वाचावे लागतात, कारण क्लस्टरांची संख्या कित्येकदा फक्त शेऱ्याच्या रकान्यात लिहिलेली असते.